गितारेरोची गुहा आणि युंगाय

पेरू देशाच्या उत्तर भागात, आंकाश प्रांतात, सांता नदीचे एक लांबट खोरे आहे. नदीच्या पूर्वेस हिमाच्छादित शिखरांची रांग आहे, तिला तेथे शुभ्र पर्वतरांग म्हणतात. पश्चिमेस जी हिमविरहित, उघडी रांग आहे तिचे नाव काळी पर्वतरांग. या दोन रांगांमधून नदीच्या सोबतीने एक रस्ता उत्तरेकडे उतरत जातो. हुआरास या शहरातून सकाळी निघून संध्याकाळी परत आणणाऱ्या सहलींचा या रस्त्यावर सुकाळ असतो. बहुतेक प्रवाशांचा ओढा सरोवरांकडे आणि हिमशिखरांकडे. गितारेरोची गुहा आणि युंगाय हे गाव एवढेच पाहण्यासाठी निघणारे थोडे. ही दोन स्थळे परस्परांपासून जवळ असल्यामुळे एका दिवसात सहज पाहून होतात. मात्र त्या दोहोंचा एकत्र विचार करणे तितकेसे सोपे नाही.

जून हा तेथील कोरड्या ऋतूचा महिना. अशाच एका जूनमध्ये सात प्रवासी आणि एक मार्गदर्शक असलेली लहानशी गाडी या रस्त्याने निघाली. मार्गदर्शक युंगाय परिसरातलाच, चाळिशी ओलांडलेला. घरी केचुआ आणि प्रवाशांशी स्पॅनिश बोलणारा. मांकोस या गावाजवळ नदी ओलांडून गाडी काळ्या पर्वतरांगेच्या बाजूस आली, आणि तेथून पुढे चढ पायीच चढावा लागला. समुद्रसपाटीपासून सुमारे २,५८० मीटर उंचीवर, नदीपात्राच्या दीडएकशे मीटर वर, ही गुहा आहे. आत पाहण्याजोगे काहीच नाही, असे प्रथमदर्शनी वाटते. भिंतींवर कोरीव काम नाही, मूर्ती नाहीत. लेण्यांची सवय असलेल्या भारतीय प्रवाशाची तर तेथे निराशाच व्हावी. या गुहेचे खरे धन तिच्या कोरडेपणात होते. त्या कोरड्या धुळीत सहसा न टिकणाऱ्या गोष्टी टिकून राहिल्या: लाकूड, दोर, विणकाम, बिया.

टॉमस लिंच या अमेरिकन पुरातत्त्वज्ञाने १९६०च्या दशकाच्या अखेरीस आणि त्यानंतर या गुहेचे उत्खनन केले. त्याचा पहिला वृत्तांत १९७० साली प्रसिद्ध झाला आणि सविस्तर ग्रंथ १९८० साली. उत्खननात वनस्पतींच्या तंतूंना पीळ देऊन केलेले दोर आणि त्याच तंतूंचे गुंफलेले विणकाम मिळाले. हाताने पीळ घातलेला तंतू हा दगडी हत्यारापेक्षा निराळा पुरावा होय. दगड कोणाच्याही हातून फुटू शकतो. पीळ मात्र बोटांना शिकवावा लागतो, आणि शिकवणारे कोणीतरी शेजारी बसलेले असावे लागते. २०११ साली लिंच आणि त्याच्या सहकाऱ्यांनी या वस्तूंचेच लहान अंश घेऊन त्यांचे वय किरणोत्सारी कार्बनच्या साहाय्याने पुन्हा मोजले. ते बारा हजार वर्षांच्या आसपास निघाले. दक्षिण अमेरिकेत मिळालेल्या विणकामाचे हे सर्वांत जुने अवशेष ठरले.

याच गुहेत घेवड्याच्या बियाही सापडल्या होत्या. १९७३ साली त्यांच्याविषयीचा निबंध प्रसिद्ध झाला तेव्हा त्यांचे वय ज्या थरात त्या मिळाल्या त्या थरावरून ठरविण्यात आले होते, आणि ते सात ते दहा हजार वर्षांच्या घरात जात होते. मानवाने लागवडीखाली आणलेल्या घेवड्याचा अतिप्राचीन पुरावा म्हणून तो अनेक ग्रंथांत उद्धृत झाला. पुढे एकेका बीचे स्वतंत्र वय काढण्याचे तंत्र आले. १९९९ साली कॅप्लन आणि लिंच यांनी त्या तंत्राने केलेल्या मोजणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले, तेव्हा या गुहेतला घेवडा पाच हजार वर्षांच्या आसपासचा ठरला. गुहेतील माती उंदीर-घुशींनी आणि माणसांनी वेळोवेळी उकरलेली असते. लहानशी बी वरच्या थरातून खाली घसरते आणि आपल्या नसलेल्या वयाची मानकरी होते. येथे लक्षात घेण्याची गोष्ट अशी की परीक्षा एकाच जातीची होती. तिच्यात दोर टिकला आणि बी टिकली नाही. आणि जे संशोधक पूर्वीच्या मोठ्या आकड्याशी जोडलेले होते त्यांच्यातल्याच दोघांनी तो आकडा खाली आणला.

मार्गदर्शकाने मात्र गुहेच्या तोंडाशी उभे राहून बिया दहा हजार वर्षांच्या असल्याचे सांगितले. त्याला त्याने अप्रामाणिकपणा म्हणणे योग्य होणार नाही. जुन्या पाठ्यपुस्तकातला आकडा तो सांगत होता, आणि मोठा आकडा ऐकताना श्रोत्यांच्या चेहऱ्यावर उमटणारे समाधान त्याला अनुभवाने ठाऊक होते. त्या वेळी कोणी काही विचारले नाही. समोर, खोऱ्याच्या पलीकडे, ६,७६८ मीटर उंचीचा हुआस्कारान पर्वत स्वच्छ दिसत होता.

नदी पुन्हा ओलांडून दुपारी गाडी रानराहिर्कावरून युंगायच्या जुन्या गावठाणावर आली. ३१ मे १९७० हा रविवार होता. दुपारी ३ वाजून २३ मिनिटांनी पॅसिफिकच्या किनाऱ्याजवळ ७.९ प्रतीचा भूकंप झाला. हुआस्कारानच्या उत्तर शिखराचा एक प्रचंड भाग खडकासह निखळला, आणि बर्फ, चिखल व शिळा यांचा लोंढा काही मिनिटांत युंगायवर येऊन कोसळला. गावाची स्मशानभूमी एका उंच टेकाडावर होती. तिच्याकडे धावलेली सुमारे ९२ माणसे वाचली. गावाबाहेर एक सर्कस आली होती. ती पाहावयास गेलेले सुमारे तीनशे जण, ज्यांत बहुतेक मुलेच होती, तेही वाचले. चौकातील चार ताडांचे शेंडे गाळावर उभे राहिले. बाकी सारे गाव खाली गेले.

सरकारने तेथे खणण्यास मनाई केली आणि ती संपूर्ण जागा स्मशानभूमी म्हणून राखली. आज तेथे फुलांचे ताटवे आहेत, चिरडून गेलेल्या एका बसचा सांगाडा आहे, मुख्य चर्चच्या भिंतीचे अवशेष आहेत. पायांखाली रस्ते आहेत, घरे आहेत, मांडलेली जेवणाची टेबले आहेत. त्यांच्यापर्यंत पोहोचणे गुहेतील बारा हजार वर्षांपूर्वीच्या धाग्यापर्यंत पोहोचण्यापेक्षा पुष्कळ सोपे आहे, आणि तरीही तेथे कोणी कुदळ लावीत नाही. सकाळच्या गुहेत प्रत्येक थर उलगडणे हे ज्ञानाचे काम होते. दुपारच्या या मैदानात न उलगडणे हे माणुसकीचे काम आहे. दोन्ही ठिकाणी जमिनीखाली माणसेच आहेत. भेद कशात आहे, हे सांगणे कठीण. काळाच्या अंतरात तो आहे असे म्हणावे, तर किती वर्षे उलटली म्हणजे मृत माणसाचे अवशेष ‘नमुना’ ठरतात, याचे उत्तर कोणत्याही शास्त्राने दिलेले नाही.

मार्गदर्शकाने येथे मृतांचा आकडा पंचवीस हजार सांगितला. प्रवाशांमध्ये इतिहासाची एक विद्यार्थिनी होती. तिने संकोचानेच विचारले की, २००९ साली काही भूशास्त्रज्ञांनी जनगणनेची नोंद तपासून हा आकडा सहा हजारांच्या आसपास असावा असे दाखविले आहे, ते तुम्हांला मान्य आहे का? त्याच निबंधात १९६२ च्या जानेवारीत रानराहिर्कावर कोसळलेल्या हिमलोंढ्यातील मृतांची संख्याही चार हजारांवरून साडेसहाशेपर्यंत खाली आणलेली आहे. प्रश्न अनुचित नव्हता, पण जागा अवघड होती. गटातल्या दोघांनी तिच्याकडे नाराजीने पाहिले.

मार्गदर्शक रागावला नाही. तो म्हणाला, “असेल तसेही. माझी आई त्या दिवशी खेड्यावर होती म्हणून राहिली. ती दरवर्षी ३१ मेला आपल्या माणसांची नावे घेते. ती एकतीस आहेत. तुमच्या शास्त्रज्ञांनी त्यांतले एकही कमी केलेले नाही.” मग थोडे थांबून तो म्हणाला, “पण पंचवीस हजार असे उद्यापासून म्हणणार नाही. सहा हजारसुद्धा पुष्कळ आहेत.”

या उत्तरात जो विवेक होता त्याची मुळे त्याच्या भाषेत असावीत काय, असा प्रश्न तुलनेचा अभ्यास करणाऱ्याच्या मनात उभा राहणे स्वाभाविक आहे. केचुआ भाषेत ‘न्यावपा’ हा शब्द समोरच्या बाजूसाठी वापरतात आणि होऊन गेलेल्या काळासाठीही. ‘किपा’ म्हणजे मागची बाजू, आणि अद्याप न आलेला काळ. दक्षिणेकडील आयमारा भाषेत ‘नायरा’ म्हणजे डोळा, पुढचा भाग आणि गतकाळ. जे घडले ते पाहिलेले असते, म्हणून ते समोर. जे घडावयाचे आहे ते अदृश्य, म्हणून पाठीमागे. ही कल्पना विलक्षण म्हणून सांगितली जाते, पण भारतीय वाचकाला ती परकी वाटू नये. संस्कृतात ‘पूर्व’ म्हणजे समोरचा, उगवतीचा आणि आधीचा. ‘पश्चात्’ म्हणजे मागून आणि नंतर. तमिळमध्ये ‘मुन्’ म्हणजे पुढे आणि आधीही, म्हणून पूर्वज ते ‘मुन्नोर’. कन्नडमधील ‘हिंदे’ आणि ‘मुंदे’ यांची वाट मात्र उलटी आहे. मराठीने तर दोन्ही वाटा राखल्या आहेत: ‘पूर्वी’ असे म्हणताना आपण गतकाळाला सामोरे असतो आणि ‘मागे एकदा’ असे म्हणताना त्याच्याकडे पाठ करतो.

शब्दांवरून स्वभावाचे अनुमान काढणे धोक्याचे असते, हे खरे. तथापि एवढे म्हणता येईल की भूतकाळ समोर आहे असे मानणाऱ्याला तो पुन्हा निरखून पाहण्यात अनादर वाटण्याचे कारण नाही. समोरची वस्तू प्रकाश बदलला की निराळी दिसते, आणि तशी दिसली की आपले बोलणे सुधारावे लागते. वय किंवा संख्या कमी ठरल्याने बी लहान होत नाही आणि शोकही लहान होत नाही. उलट फुगविलेल्या आकड्याआड प्रत्यक्ष बी आणि प्रत्यक्ष माणूस दिसेनासे होतात. स्मारकांजवळ बोलणाऱ्या सर्वांनाच, मग ते मार्गदर्शक असोत वा प्राध्यापक, ही गोष्ट लागू आहे.

सहलीचा शेवटचा टप्पा नव्या युंगायमध्ये होता. तेथील बाजारात घेवड्याच्या नाना रंगांच्या बिया विकावयास मांडलेल्या असतात. त्यांतली एक जात भाजली की लाहीसारखी फुटते. आपल्याकडचा राजमा, श्रावणघेवडा आणि डबल बी ही सारी याच अमेरिकन घराण्यातली. इतके अस्सल मराठी नाव धारण केलेला श्रावणघेवडा मूळचा समुद्रापलीकडचा आहे, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटेल. विद्यार्थिनीने थोड्या बिया विकत घेतल्या. मार्गदर्शकाने त्या कशा भाजाव्यात ते तिला सांगितले. वयाविषयी आता दोघेही काही बोलले नाहीत.

हे नवे गाव येथे वसणार नव्हते. आपत्तीनंतर सरकारने वाचलेल्यांना दक्षिणेस, तिंगुआ येथे हलविण्याचे ठरविले होते. जागा तुलनेने सुरक्षित होती, कारणे शास्त्रीय होती. अँथनी ऑलिव्हर-स्मिथ या मानवशास्त्रज्ञाने १९८६ सालच्या आपल्या ग्रंथात या लोकांनी केलेल्या विरोधाचा इतिहास लिहिला आहे. त्यांनी जुन्या गावाच्या उत्तरेस राहुट्या ठोकल्या, तेथेच बाजार भरविला आणि अखेरीस तेथेच गाव उभे केले. त्यांच्या कारणांत जमिनी होत्या, व्यापार होता, प्रतिष्ठाही होती. आणि ज्यांना उकरून काढावयाचे नव्हते त्या आपल्या माणसांपाशी पायी जाता यावे, हेही एक होते.