शिआनच्या विटा आणि आमची लेक



चीन पाहून आल्यावर भुसावळच्या आमच्या वस्तीत पहिला प्रश्न आला, "ते मातीचे सैनिक पाहिले का?" दुसरा आला, "खर्च किती आला?" आणि तिसरा, जरा हळू आवाजात, "पोरगी झाली का मग डॉक्टर?" पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे आम्ही तिथल्या तिथे दिली. तिसऱ्याचे उत्तर अजून द्यायचे आहे. म्हणूनच हा लेख लिहायला बसलो.

आम्ही पतसंस्थेत कारकून. बी.कॉम. झालो ते दिवसा काम आणि रात्री अभ्यास करून. आमची माय वीटभट्टीवर मजुरीला होती. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर फळी आणि फळीवर विटा, असा तिचा जन्म गेला. तिची नात डॉक्टर व्हावी हा सगळ्या घराचा ध्यास. लेकीची सरकारी जागा थोड्या गुणांनी हुकली आणि खाजगी कॉलेजच्या फीचा आकडा ऐकूनच आम्ही मागे फिरलो. शेवटी बँकेचे कर्ज काढले, लेकीच्या आईने गळ्यातले मोडले आणि २०१८ साली लेक चीनमधल्या शिआन शहरात शिकायला गेली. २०२० मध्ये कोरोना आला. पुढची पावणेतीन वर्षे तिने आमच्या दोन खोल्यांच्या घरात मोबाइलवर धडे घेतले. "चायना माल तो चायना मालच," असे लोक तोंडावर बोलत. ती ऐकून घेई आणि दार लोटून पुन्हा पुस्तकात डोके घाली.

जून २०२४ मध्ये तिचा पदवीदान समारंभ ठरला. "तुम्ही दोघं आलंच पाहिजे," असा तिचा हट्ट. त्या काळात भारतातून चीनला थेट विमाने नव्हती, म्हणून आम्ही बँकॉकला विमान बदलून गेलो. पिशवीत दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि ठेचा होताच.

शिआन म्हणजे जुने चांगआन. तांग घराण्याच्या काळात ही चीनची राजधानी होती, आणि त्याआधीही छिन आणि हान राजांच्या राजधान्या याच परिसरात होत्या. आज शहराच्या मधोमध जो तट उभा आहे तो मात्र नंतरचा, मिंग घराण्याने १३७० नंतर बांधलेला. लांबी पावणेचौदा किलोमीटरच्या आसपास, उंची बारा मीटर, आणि वर एवढी रुंदी की त्यावर लोक भाड्याच्या सायकली फिरवतात. लेकीची आई तटावर उभी राहून म्हणाली, "आपल्याकडं किल्ल्यावर चढायचं म्हटलं की दम निघतो. इथं तर वर जाऊन सडकच लागली!" तटाच्या आत घंटेचा मनोरा आहे, ढोलाचा मनोरा आहे. शेजारी मुसलमान वस्तीचा बाजार आहे. तिथली जुनी मशीद घुमटाची नाही, चिनी कौलांची आणि चौकामागून चौकांची. बाजारात माणसे हाताने ओढून लांबलचक शेवया करत होती. त्यात आम्ही आपला ठेचा कालवला तेव्हा दुकानदार हसून बघतच राहिला.

दुसऱ्या दिवशी गेलो मातीचे सैनिक पाहायला. शहरापासून पूर्वेला सुमारे पस्तीस किलोमीटर. माणशी तिकीट १२० युआन, म्हणजे आपले जवळपास चौदाशे रुपये. तिघांचे बेचाळीसशे! कारकुनी डोके लगेच हिशेब करू लागले. पण आत पाऊल टाकले आणि हिशेब थांबला. पहिल्या खड्ड्यावर रेल्वेच्या मोठ्या शेडसारखे छप्पर आहे. लांबी २३० मीटर, रुंदी ६२ मीटर. खाली रांगाच रांगा, भाजक्या मातीची पुरुषभर उंचीची माणसे. एकाचा चेहरा दुसऱ्यासारखा नाही. मार्च १९७४ मध्ये दुष्काळात विहीर खणणाऱ्या शेतकऱ्यांच्या कुदळीला ही मूर्ती लागली. तोवर दोन हजारांहून अधिक वर्षे ही पलटण मातीखाली होती. सगळ्या खड्ड्यांत मिळून आठ हजारांच्या आसपास आकृत्या असाव्यात असा अंदाज आहे. मूळच्या त्या रंगवलेल्या होत्या.

ही फौज छिन शी ह्वांग या पहिल्या सम्राटाच्या थडग्याची राखण करायला केली. इ. स. पूर्व २२१ मध्ये त्याने चीन एक केला आणि इ. स. पूर्व २१० मध्ये तो मेला. सिमा छियन या जुन्या इतिहासकाराने लिहून ठेवले आहे की थडग्याच्या कामावर सात लाख माणसे जुंपली होती आणि आतले रहस्य फुटू नये म्हणून कारागिरांना आतच कोंडून टाकले. याच सम्राटाने इ. स. पूर्व २१३ मध्ये ग्रंथ जाळण्याचा हुकूम काढला, हेही त्याच इतिहासकाराने नोंदवले आहे.

लेक आम्हाला पाट्या वाचून दाखवत होती. दवाखान्यात रोग्यांशी बोलता यावे म्हणून ती चिनी शिकली, आज ती भाषा आईबापांच्या कामाला आली. ती म्हणाली, "पप्पा, या मूर्तींवर काही ठिकाणी कारागिरांची नावं आहेत."

आम्हाला आनंद झाला. म्हटले, वा, कारागिराचा मान ठेवला म्हणायचा!

"मान नाही पप्पा. काम बिघडलं तर कोणाला धरायचं ते कळावं म्हणून."

आम्ही गप्प झालो. म्हणजे हे मस्टरच की! थडग्याजवळच १९७९-८० च्या सुमारास मजुरांची दफनभूमी सापडली, असेही तिने सांगितले. काही मजुरांची नावे आणि गावे कौलांच्या तुकड्यांवर खरडलेली होती. राजासाठी एवढी मोठी टेकडी, आणि मजुरासाठी कौलाचा तुकडा. लेकीच्या आईने खड्ड्याकडे पाहत एवढेच विचारले, "आणि बाया? माती तर बायांनीच वाहिली असंल ना?" याचे उत्तर कुठल्या पाटीवर नव्हते.

आम्ही फोटो काढले, नाही असे नाही. वस्तीत दाखवायला फोटो हवेतच. पण परतीच्या बसमध्ये कोणी फारसे बोलले नाही.

निघण्याच्या आदल्या दिवशी लेक म्हणाली, "आज माझ्या जागेवर चला." ती जागा म्हणजे शहराच्या दक्षिणेचा मोठा रानहंस पॅगोडा. त्सअन नावाच्या जुन्या विहाराच्या आवारात तो उभा आहे. सात मजले, चौसष्ट मीटर उंची, चौकोनी घडण आणि नुसती वीट. झगमगाट नाही, सोने नाही. समोरच्या चौकात हातात दंड घेतलेल्या एका भिक्खूचा पुतळा आहे. तो भिक्खू म्हणजे आपल्या शाळेच्या पुस्तकातला युआन श्वांग, ज्याला जुनी माणसे ह्युएन त्संग म्हणतात.

वाचकहो, या माणसाची आणि आपली जुनी ओळख आहे. इ. स. ६२९ च्या सुमारास तो चांगआनहून निघाला. तेव्हा देशाबाहेर जायला राजाची बंदी होती, तरी तो निघाला. वाळवंट आणि बर्फाचे डोंगर ओलांडून भारतात आला आणि नालंदेला शीलभद्रांपाशी शिकला. आपल्या महाराष्ट्रातही येऊन गेला आणि पुलकेशी राजाविषयी लिहून ठेवले. डोंगरात कोरलेल्या ज्या विहाराचे त्याने वर्णन केले तो अजिंठाच असावा, असे बहुतेक अभ्यासक मानतात. भुसावळहून शाळेची सहल अजिंठ्याला जाई तेव्हा हे आम्हाला कोणी सांगितले नव्हते! आणि त्याने दुसरेही एक पाहून लिहिले. खाटीक, कोळी, भंगी यांना नगराबाहेर राहावे लागते आणि रस्त्याने चालताना डाव्या कडेने अंग चोरून चालावे लागते. अस्पृश्यतेचा काळ शोधताना परमपूज्य बाबासाहेबांनी 'द अनटचेबल्स' या १९४८ च्या ग्रंथात याच नोंदीची साक्ष काढली. तेराशे वर्षांनी आपल्या कामी आलेला हा साक्षीदार!

इ. स. ६४५ मध्ये तो परतला, तेव्हा वीस घोड्यांवर ६५७ ग्रंथ लादून आणले होते. वाटेत सिंधू नदी ओलांडताना नाव हेलकावली आणि काही पोथ्या पाण्यात गेल्या. हे ऐकताना आम्हाला १९१७ साल आठवले. बाबासाहेबांनी परदेशातून जहाजाने पाठवलेले सामान आणि पुस्तके युद्धात बुडाली. ज्ञान आणणाऱ्याच्या वाट्याला पाणी येतेच, असे दिसते. दोघांपैकी कोणीही हात जोडून बसले नाही. राजाने देऊ केलेले मोठे पद ह्युएन त्संगाने नाकारले आणि मरेपर्यंत, म्हणजे इ. स. ६६४ पर्यंत, एकोणीस वर्षे भाषांतर करत राहिला. ७५ ग्रंथ चिनी भाषेत आणले.

ते ग्रंथ आगीत जाऊ नयेत म्हणून इ. स. ६५२ मध्ये हा पॅगोडा बांधायला घेतला. त्या वेळी ह्युएन त्संग पन्नाशीला पोचला होता. राजा त्याला मान देत होता, शेकडो शिष्य होते. तरी त्याने स्वतः टोपली उचलली आणि विटा-दगड वाहिले, असे त्याच्या शिष्याने लिहिलेल्या चरित्रात आहे.

लेक हे सांगत होती आणि आम्ही भिंतीला हात लावून उभे होतो. डोळ्यांपुढे आली आमची माय. दुपारच्या उन्हात भट्टीवरची, चुंबळ सावरणारी. विटा वाहणे म्हणजे हलके काम, अडाण्याचे काम, असे ऐकत आम्ही मोठे झालो. फॉर्मवर आईचा व्यवसाय लिहायची वेळ आली की आम्ही "घरकाम" लिहीत असू. आज कबूल करायला हरकत नाही, आम्हाला लाज वाटे. आणि इथे एवढा मोठा पंडित पुस्तकांसाठी विटा वाहतो आणि त्याचा शिष्य ते अभिमानाने लिहितो! एकाच शहरात दोन कामे पाहिली. एका कामात माणसे गाडली गेली ती मेलेल्या राजासाठी, दुसऱ्यात माणूस वाकला तो ग्रंथांसाठी. वीट आणि माती दोन्हीकडे तीच होती.

आत लाकडी जिना आहे आणि प्रत्येक मजल्यावर चार दिशांना चार कमानी. लेकीच्या आईचा गुडघा चौथ्या मजल्यावर थांबला, म्हणून आम्ही तिघेही तिथेच बसलो. तिथे लेक हळूच बोलली.

"आई, २०२२ ला परत आले तेव्हा सगळं सोडून द्यायचं ठरवलं होतं. दोन-अडीच वर्षं हातात रोगी नाही, नुसता मोबाइल. मला काहीच येत नाही असं वाटायचं. तेव्हा मी इथं येऊन बसायची."

"मग सांगितलं का नाही?" आईने विचारले.

"तुमचं गळ्यातलं मोडलेलं होतं ना."

आई काही बोलली नाही. तिने लेकीचा हात आपल्या हातात घेतला. आम्ही कमानीतून बाहेर बघत राहिलो, कारण बापाने डोळे पुसलेले पोरीला दिसू नयेत.

थोड्या वेळाने लेकच म्हणाली, "पप्पा, एक गंमत सांगू? हा पॅगोडा तो नाहीच. त्यांनी बांधलेला पाच मजली होता, बाहेरून वीट आणि आत माती. पन्नास वर्षांत तो ढासळायला लागला. मग इ. स. ७०१ ते ७०४ च्या दरम्यान पुन्हा नव्यानं बांधला. पुढं १५५६ च्या भूकंपाचा तडाखाही त्यानं सोसला."

त्या वेळी आम्ही नुसती मान हलवली. त्या बोलण्याचा अर्थ घरी आल्यावर कळला.

आता तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर. परदेशातून शिकून आलेल्या डॉक्टरला आपल्या देशात एक परीक्षा द्यावी लागते. ३०० पैकी १५० गुण हवेत, आणि बहुतेक मुले पहिल्या फेरीत अडकतात. आमच्या लेकीला पहिल्या प्रयत्नात १३९ गुण मिळाले. अकरा कमी. निकालाच्या दिवशी घरात चूल पेटली नाही. बँकेचा हप्ता मात्र ठरल्या तारखेला गेला. "बघा, आम्ही म्हणत नव्हतो?" असे म्हणणारेही येऊन गेले.

तिसऱ्या दिवशी पहाटे लेक उठली आणि टेबलाशी बसली. भिंतीवर तिने त्या पॅगोड्याचा फोटो लावला आहे, मातीच्या सैनिकांचा नाही. आम्ही चहा ठेवायला गेलो तर म्हणाली, "पप्पा, आतली माती काढून वीट भरायची राहिली होती. आता भरते."

तर वस्तीतल्या बंधू-भगिनींनो, उत्तर असे आहे. पोरगी अजून डॉक्टर झालेली नाही. ती पुन्हा परीक्षेला बसते आहे. तुमच्या घरचे कोणी असे परदेशातून शिकून आले असेल आणि अडकले असेल, तर त्याला टोमणा मारण्याआधी एक कप चहा पाजा. आणि कोणाला शिआनला जायचा योग आला तर मातीची फौज जरूर पाहा, पण दक्षिणेच्या त्या विटांच्या पॅगोड्याला अर्धा दिवस राखून ठेवा. भिंतीला हात लावा. आपल्या घरात ज्यांनी ज्यांनी विटा वाहिल्या त्यांची आठवण काढा.

आणि हो, गेल्या महिन्यात धाकट्याचा शाळेचा फॉर्म भरायचा होता. त्यात आजीची माहिती विचारली होती. आम्ही स्वच्छ अक्षरात लिहिले : वीटभट्टी कामगार.

जयभीम. नमो बुद्धाय.