मूळचे कुठले?

खेडला आता राजगुरुनगर म्हणतात. हुतात्मा राजगुरूंचे हे जन्मगाव, त्यामुळे या नावाचा आम्हांला अभिमानच आहे. तरी घरात बोलताना तोंडात 'खेड'च येते. आमच्या कितीतरी पिढ्या इथेच गेल्या. पण चाकणला कामाच्या ठिकाणी कुणी नवा माणूस भेटला, की आमचे नाव ऐकून विचारतोच, "तुम्ही मूळचे कुठले?" खेडचे म्हटले, की पुढचा प्रश्न तयार. "ते झाले हो, पण त्याआधी?"

त्याआधी इथे काय होते, ते पाहायचे तर भोरगिरीला जावे. पाऊस ओसरला की आम्ही भावंडे पोराबाळांना घेऊन जातो. चास, वाडा मागे टाकले की डोंगर जवळ येतात. भोरगिरीहून भीमेच्या काठाने, रानातून भीमाशंकरला पायवाट जाते. चढ सोपा आहे, लहान मुलेही कुरकुर न करता चालतात. नशीब असेल तर झाडावर शेकरू दिसते.

पायाखाली मात्र सारा काळा दगड. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडून लाव्हा वाहिला, थंड झाला, त्यावर पुन्हा वाहिला. असे थरांवर थर चढून सह्याद्रीचे हे पायऱ्यापायऱ्यांचे कडे झाले. दोन थरांमध्ये कुठे कुठे लाल मातीचा पट्टा दिसतो. एक लाव्हा निवल्यावर दुसरा येईपर्यंत मध्ये इतका काळ गेला, की दगडाची माती झाली. तेव्हा हिंदू नव्हता, मुसलमान नव्हता, माणूसच नव्हता.

याच दगडाने पुढे सगळ्यांना आसरा दिला. भोरगिरीच्या किल्ल्यातली लेणी त्यातच कोरलेली. खेडमधला दिलावरखानाचा मकबरा आणि मशीद त्याच दगडाची. अम्मीचा पाटाही तोच. टाकी लावणारी बाई दारात आली, की अम्मी तिला आधी चहा द्यायची, मग पाटा पुढे सरकवायची. त्या पाट्यावर वाटलेल्या मसाल्याची चव मिक्सरला काही येत नाही.

मागच्या खेपेला वाटेत एक म्हातारबाबा गुरे राखत बसले होते. त्यांनीही विचारले, "कुठले पाव्हणे?"

"खेडचे, बाबा."

"मंग आपल्याच तालुक्याचे की! बसा, पानी प्या."

एवढेच. 'त्याआधी' काही नाही. धाकटा पुतण्या आमच्याकडे पाहून हसला. तो नुकताच कंपनीत लागला आहे. तो प्रश्न आता त्याच्याही वाट्याला येऊ लागला आहे.

परतताना त्याने विचारले, "चाचा, पुढच्या वेळी कुणी विचारले तर काय सांगू?"

आम्ही त्याला दगडाचे शेवटचे रूप सांगितले. ऊन-पावसाने हा दगड झिजतो, फुटतो आणि त्याची काळी माती होते. त्या मातीत ज्वारी पिकते, कांदा पिकतो. त्याच मातीत आमचे दादा-दादी निजले आहेत. अब्बा गेले तेव्हा कबरीवर तीन मुठी माती टाकली, तीही हीच. ती कुठून बाहेरून आणली नव्हती.

"खेडच सांग," आम्ही म्हणालो. "आणि दुसऱ्यांदा विचारले, तरी खेडच सांग."