विरजणाचे गणित

मराठीच्या अध्यापकाने रसायनशास्त्राविषयी लिहावे, हे काही वाचकांस धाडसाचे वाटेल. परंतु आमच्या शाळेची एक माजी विद्यार्थिनी रासायनिक अभिक्रियांच्या गणिती प्रारूपांवर पीएच. डी. करू इच्छिते. ‘प्रयोगशाळा नाही, नुसती कागदावरची आकडेमोड, त्यासाठी चार वर्षे का घालवावीत?’ असे विचारीत तिचे वडील माझ्याकडे आले.

याचे उत्तर घरातच आहे. दुधास विरजण लावले की आरंभी काहीच घडलेले दिसत नाही. मग बदलाचा वेग वाढत जातो. थंडीत तोच वेग मंदावतो. अशा अनेक क्रिया परस्परांत गुंतल्या, एकीचे उत्पादन दुसरीचे खाद्य झाले, म्हणजे शेवट नजरेने कळत नाही. समीकरणेच मांडावी लागतात. रशियातील बेलौसोव्ह यांनी १९५१ साली पुनःपुन्हा रंग पालटणाऱ्या मिश्रणाविषयी लिहिले, तेव्हा ‘हे अशक्य’ म्हणून लेख परत आला. त्यामागील अभिक्रियांची साखळी १९७२ साली उलगडली.

ही विद्या आपल्याला परकी नाही. आमच्या शेजारच्या नागपुरात, लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्थेत शिकलेले डॉ. भा. द. कुलकर्णी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत अशाच प्रश्नांत रमले आणि १९८८ साली भटनागर पुरस्काराचे मानकरी ठरले.

मुलीचे वडील संत्र्यांचे बागाईतदार. झाडांना ताण किती दिवस द्यावा, पाणी केव्हा सोडावे, म्हणजे बहार धरेल, हा हिशेब ते दरवर्षी मनाशी मांडतात. मी त्यांना एवढेच म्हणालो, “दादासाहेब, तुम्ही मनात करता तेच ती कागदावर करणार आहे. तिलाही बहाराइतका अवधी द्या.”