विजापूर नक्की कुठलं?

सोलापूरकराला दुकानाचा पत्ता विचारा. तो पिनकोड सांगणार नाही. ‘सात रस्त्यावरून पुढे’ किंवा ‘बाळीवेशीच्या अलीकडे’ म्हणेल. व्यवसायसूचीच्या संकेतस्थळाला मात्र अक्षांश-रेखांश लागतात.

संगणक शोधणाऱ्याभोवती ठरावीक अंतराचं वर्तुळ आखतो आणि आतली दुकानं वेचतो. सोलापूरजवळ अक्षांशाचा एक अंश सुमारे १११ किलोमीटरचा, रेखांशाचा मात्र १०६चाच. दोन्ही सारखे धरले, तर वर्तुळाचं अंडं होतं.

मग पिनकोडवर विसंबावं? १५ ऑगस्ट १९७२ला आलेली ती पद्धत टपाल वाटपासाठी. ४१३००१ची हद्द एखाद्या रस्त्यावर संपली, की समोरच्या फुटपाथवरचं दुकान यादीतून गळतं.

खरा घोळ नावांचा. चादरी शोधणारा बाहेरगावचा ग्राहक जुन्या सवयीने ‘शोलापूर’ टाइप करतो. विजापूर वेस शहराच्या पोटात, विजापूर रोड शहराबाहेर जाणारा आणि विजापूर शहर जवळपास शंभर किलोमीटरवर, कर्नाटकात. २०१४पासून त्याचं अधिकृत नाव विजयपुर.

म्हणून प्रत्येक नोंदीला नकाशावरचा बिंदू, पिनकोड आणि परिसराची सगळी प्रचलित नावं असे तीन रकाने हवेत. आणि कुणी नुसतंच ‘विजापूर’ लिहिलं, तर यादी दाखवण्याआधी संकेतस्थळानेच विचारावं: वेस, रोड की शहर?