अभिषेकाची थरथरती धार

श्रवणबेळगोळच्या बाहुबली भगवंतांचा महामस्तकाभिषेक साधारणतः बारा वर्षांनी येतो. फेब्रुवारी २००६ मधील सोहळ्यास ऐरोलीच्या एका धान्यव्यापारी कुटुंबातील आजी विंध्यगिरीच्या सहाशेहून अधिक पायऱ्या चढून गेल्या होत्या. त्यांनी ढाळलेल्या कलशाचे चित्रण मिनीडीव्ही कॅसेटवर होते.

आजींच्या पश्चात आजोबांनी त्या कॅसेटी एका स्टुडिओतून पेनड्राइव्हवर उतरवून आणल्या. टीव्हीवर लावताच मन खट्टू झाले. मूर्ती स्थिर दिसे; आजींचा हात मात्र पुढे-मागे थरथरे, दुधाच्या धारेला कंगव्यासारखे दाते फुटत. कॅसेट जुनी, तिचाच दोष, असे उत्तर मिळाले. आजोबांना खुपले ते निराळेच. त्या हाताला कंप कधी नव्हता.

नातवाने कारण हुडकले. आपल्याकडील पाल पद्धतीत सेकंदाला २५ चित्रे असतात. पण प्रत्येक चित्र दोन अर्धांचे. ५७६ ओळींपैकी एकाआड एक २८८ ओळी आधी टिपल्या जातात, उरलेल्या सेकंदाच्या पन्नासाव्या भागानंतर. या अर्धाला फील्ड म्हणतात. डीव्ही कॅसेटवर खालचे फील्ड आधीचे असते. रूपांतर करताना वरचे आधी धरले गेले. त्यामुळे काळ दोन, एक, चार, तीन असा चालू लागला. रोजमेळात सर्व नोंदी असाव्यात, अखेरची बेरीजही जुळावी, पण नोंदींचा क्रम उलटा असावा; मधली शिल्लक पाहणारा बुचकळ्यात पडणारच! स्थिर मूर्तीची दोन्ही अर्धे सारखीच, म्हणून तेथे दोष लपला.

स्टुडिओच्या फाइलवर इलाज उरला नव्हता, कारण चित्र मोठे करताना ओळी एकमेकींत मिसळल्या होत्या. मूळ कॅसेटी सुनेने जपून ठेवल्या होत्या, हे सुदैव. जुना कॅमेरा फायरवायरने संगणकाला जोडून कॅसेट जशीच्या तशी उतरवली. तासाला सुमारे १३ जीबी जागा लागली. मग खालचे फील्ड आधी, असे नमूद करून प्रत्येक फील्डचे स्वतंत्र चित्र केले, सेकंदाला ५०. आकार वाढवला तो सर्वांत शेवटी.

त्या संध्याकाळी कलश कलंडला आणि धार सरळ खाली आली. आजोबा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "पुन्हा लाव बाळ, हात पाहू दे."

अजून दोन कॅसेटी उतरवायच्या होत्या.