दिलेल्या फांद्या

आम्ही दोघेही महाविद्यालयात मराठी शिकवतो; समुद्राशी आमचा संबंध बव्हंशी कवितेतूनच आलेला. भारतात दगडी प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे कवच आहे. त्यामुळे घरात वाढवलेले प्रवाळ आम्ही प्रथम पाहिले ते न्यू जर्सीत, धाकट्या भावाकडे. भाऊ एकीचा सख्खा, दुसऱ्याचा मेहुणा.

त्याच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतील ॲक्रोपोराची वसाहत फिकी पडू लागली होती. प्रकाश, क्षार, तापमान, सारे तपासून झाले. भिंगातूनही काही दिसेना. मग त्याने रबरी पिचकारीने फांदीवर पाण्याचा झोत मारला आणि तिच्याच अंगाचा एक कपटा सुटून वाहू लागला. तो कपटा वळवळत होता.

हा चपटा कृमी. त्याचे शास्त्रीय नामकरण २०११ साली झाले. छंदिष्टांना तो त्याआधीच ठाऊक होता. खाल्लेल्या प्रवाळातील सूक्ष्म शैवाल त्याच्या पोटात राहते, म्हणून ज्यावर जगतो त्याचाच रंग तो घेतो. त्याला पाहणे कठीण. त्याच्या दंशाचे वाटोळे, फिके ठसे तेवढे वाचता येतात. औषधी पाण्यात वसाहत बुडवली की कृमी गळतात, परंतु फांदीच्या बुडाशी उघड्या सांगाड्यावर घातलेली अंडी औषधाला दाद देत नाहीत. ती खरवडावी लागतात आणि निसटलेली फुटतील, या हिशेबाने ते स्नान कित्येक आठवडे पुनःपुन्हा घालावे लागते.

भावाची चिंता मात्र निराळीच होती. याच वसाहतीच्या फांद्या त्याने दोन मित्रांना दिल्या होत्या. "ताई, भाऊजी, त्यांच्याकडे अजून काही दिसत नाही. सांगू, की थांबू?"

आम्ही एकमेकांकडे पाहिले. पंधरा वर्षांपूर्वी आमच्या टिपणांत एका अभंगाचे कर्तृत्व चुकीच्या संतकवीकडे गेले होते. भाषा इतकी मिळतीजुळती, की शंकाच आली नाही. चूक ध्यानी आल्यावर नव्या वर्गापुढे आम्ही ती सुधारली आणि मोकळे झालो. जुने विद्यार्थी, ज्यांतील काही आज स्वतः शिकवतात, त्यांना कळवायचे मात्र राहिले. खरे तर टाळलेच.

"सांग," आम्ही म्हणालो. त्याने त्याच रात्री दोघांनाही फोन केले. परतल्यावर आम्ही जुन्या हजेरीपटांवरून नावांची यादी केली आहे. पहिले पत्र लिहून झाले. ते लिहिणे वाटले होते त्याहून अवघड गेले.