पाचूच्या नगरीतला नीलम

थायलंडच्या राजधानीला आपण बँकॉक म्हणतो. तिथल्या माणसांच्या तोंडी मात्र ती असते ‘क्रुंग थेप’. हेही लघुरूपच! संपूर्ण नाव एका दमात म्हणायचे तर छाती हवी. जगातील सर्वांत लांब स्थळनाम म्हणून त्याची नोंद आहे. मराठीच्या मास्तराने हे नाव सावकाश फोडून पाहावे, तर आत महानगर सापडते, रत्न सापडते, अयोध्या सापडते आणि अखेरीस खुद्द विश्वकर्माही भेटतो. परक्या मुलुखात इतके सगेसोयरे भेटल्यावर माणूस थोडा सैल होतो, नाही का?

या नावातले रत्न म्हणजे राजवाड्याच्या आवारातली बुद्धमूर्ती. पहिल्या राम राजाने १७८२ साली राजधानी चाओ फ्राया नदीच्या पूर्व तीरावर आणली आणि राजवाड्याला लागूनच या मूर्तीसाठी मंदिर बांधले. मूर्ती उंचीने जेमतेम ६६ सेंटिमीटर. उन्हाळा, पावसाळा, हिवाळा असे ऋतू पालटले की वर्षातून तीनदा स्वतः राजा तिची वस्त्रे बदलतो. मूर्तीच्या नावात ‘मोरकोत’ हा शब्द आहे. म्हणजे आपले मरकत, पाचू. आणि गंमत अशी, की मूर्ती पाचूची नाही. ती एका साध्या हिरव्या दगडाची आहे. ही गोष्ट तिथे कोणी लपवीत नाही, आणि ती ठाऊक असूनही हात जोडणाऱ्यांची रांग तसूभरही कमी होत नाही.

भोवतालच्या ओवऱ्यांच्या भिंतींवर १७८ चित्रांत अवघे रामायण रंगविलेले आहे. नाताळच्या सुट्टीतल्या एका सकाळी मी, माझी पत्नी आणि शेजारच्या काकू तिथे मारुतीरायांचे पराक्रम पाहत उभे होतो. काका अर्ध्या तासाने मागून यायचे होते. बँकेतून निवृत्त झालेला, हिशेबाला चोख माणूस. मंडईत कोथिंबिरीची जुडीसुद्धा उलटसुलट करून पाहणारा. ते आलेच नाहीत.

आम्ही आत असताना बाहेर तटाच्या सावलीत काकांना एका नीटनेटक्या गृहस्थाने सांगितले होते, “राजवाडा आत्ता बंद आहे. भिक्षूंची प्रार्थना चालू आहे. एक वाजता उघडेल.”

वाचकहो, काकांना हसू नका. आपल्याकडे दुपारी देव निजतात, नैवेद्याच्या वेळी पडदा ओढतात. देवाचे दार बंद असू शकते, ही गोष्ट आपल्या हाडीमाशी मुरलेली आहे. राजवाडा एखाद्या राजसमारंभाचा अपवाद सोडला तर रोज सकाळी साडेआठला उघडतो, आणि अशा थापांना भुलू नका म्हणून फाटकापाशी बजावलेलेही असते. पण ते वाचायला फाटकापर्यंत तर पोचायला हवे! हा गृहस्थ गाठतो तो त्याच्या शंभर पावले अलीकडे.

मग तो आपल्या नकाशावर पेन्सिलीने तीन वर्तुळे काढतो. एक वाजेपर्यंत हे पाहून या म्हणतो. आपल्या रिक्षाची थोरली बहीण शोभावी अशी टुकटुक नेमकी समोर उभी असते; साऱ्या फेरीचे भाडे अवघे वीस बाट. काकांना पहिल्यांदा नेले ते ३२ मीटर उंचीच्या उभ्या बुद्धाकडे. मूर्ती खरी, मंदिर खरे, दर्शनही झाले. दुसऱ्या लहानशा देवळात पायरीवर एक सद्गृहस्थ योगायोगाने बसलेले. बोलता बोलता त्यांनी सांगितले, की सरकारी सवलतीच्या रत्नविक्रीचा आज शेवटचा दिवस, आणि आपण स्वतः कालच खरेदी केली. टुकटुकवाल्याने मान डोलावली. तीन माणसे, एकमेकांना अनोळखी, आणि तिघांचीही साक्ष एकच! बँकेत जन्म गेलेल्या माणसाला याहून अधिक पुरावा तो कोणता हवा?

खोट्याला उभे राहायला खऱ्याचा ओटा लागतो, तोही इथे आहे. माणिक आणि नीलम यांना पैलू पाडण्यात आणि भट्टीत तापवून त्यांचा रंग खुलवण्यात थायलंडचे कारागीर जगात नावाजलेले आहेत. चंथबुरी हे गाव तर या व्यापारावरच गजबजते. म्हणून दुकानात दिला जातो तो खडा अनेकदा काचेचा नसतो. तो खराच असतो, फक्त हलक्या प्रतीचा, आणि भाव मात्र कैक पटींनी चढा. वर, प्रवासात जोखीम नको म्हणून पुडके टपालाने घरी पाठवण्याची सोय! ते घरी पोचून सराफाच्या हाती पडेपर्यंत आपण समुद्रापलीकडे आलेले असतो.

संध्याकाळी काका पावती घेऊन परतले. चेहऱ्यावर लग्नातल्यासारखे तेज होते. चाळीस वर्षांच्या संसारात दागिना कधी आपल्या पसंतीने आणला नव्हता. यंदा काकूंसाठी नीलम घेतला होता. काकूंनी पावती वाचली आणि आधी म्हणाल्या काय, तर “अहो, नीलम? पत्रिका न पाहता? तो शनीचा खडा!” मग माझी पत्नी सहज बोलून गेली, “पण काका, राजवाडा तर दिवसभर उघडा होता.”

खोलीत कोणी काही बोलेना. काकांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत राहिले.

प्रवाशांच्या मदतीसाठी तिथे निराळे पोलीस आहेत. ११५५ या क्रमांकावर त्यांना बोलावता येते. दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांच्याकडे गेलो. दुकानदाराने बरीच कापाकापी करून निम्म्याहून थोडी अधिक रक्कम परत केली. पैशाचा विषय तिथे मिटला. पण मोठा खर्च पुढेच होता. नदीवरच्या बोटीत एका मुलाने उठून काकांना जागा दिली, तर त्यांनी पिशवी छातीशी धरली आणि ते उभेच राहिले. वाट सांगणाऱ्याकडे पाहिनात, हसणाऱ्याला हसेनात. त्या दुकानाने नीलम विकून काकांकडून काय नेले ते मला त्या बोटीत दिसले.

लोभी माणसे फसतात, असे आपण सोयीस्करपणे म्हणतो. काकांना लोभ नव्हता. त्यांच्याकडे अदब होती, देवाविषयी आदर होता, आणि परक्या गावात कोणी आपुलकीने बोलावे ही साधी भूक होती. ज्या गुणांमुळे प्रवास गोड होतो, त्याच गुणांवर हा धंदा चालतो. मग ते गुण घरी कुलूप लावून ठेवून यायचे काय? मला वाटते, एवढेच पाहावे: आपल्याला कोणी निवडले, की आपण कोणाला निवडले? जो आपण होऊन आपली वाट अडवतो त्याची पारख करावी. पण शंभरांतल्या ज्याला आपण जाऊन विचारतो, तो ठग असण्याचा संभव फार थोडा.

माझा हा सिद्धान्त काकूंनी न ऐकताच अमलात आणला. निघायच्या आदल्या दिवशी त्या सरळ रस्त्यापलीकडच्या एका फळवालीकडे गेल्या. भाषा नाही, खुणांचीही पंचाईत. तरी दोघी खळखळून हसत होत्या. काकूंनी डाळिंब उचलून नाव विचारले. “थपथिम,” ती म्हणाली. प्रवासी शब्दकोशात हा शब्द मी पाहिला होता. थाई भाषेत डाळिंबालाही थपथिम म्हणतात आणि माणकालाही. मी तसे सांगितले मात्र, काकूंनी दोन डाळिंबे घेतली, एक फोडून घेतले आणि लालबुंद दाण्यांनी भरलेली फोड काकांपुढे धरली.

“घ्या, माणकं. याला पत्रिका लागत नाही.”

काकांनी फळवालीकडे पाहिले, पाटीवरचा भाव वाचला आणि, तीन दिवसांत पहिल्यांदाच, पिशवी खाली ठेवून दोन्ही हात पुढे केले.